मालमोटारीची विद्या

परभणी जिल्ह्याच्या काळ्या रानात पिकणारा कापूस असो, गोदाकाठचा ऊस असो, की अलीकडे खरिपात सर्वत्र दिसणारे सोयाबीन असो, या पिकांचे धन होते ते बाजारपेठेत, गिरणीत वा कारखान्यात पोहोचल्यावर; आणि तेथवर ते पोहोचविण्याचे काम ज्याच्या हातापायांवर व अवधानावर सोपविलेले असते, त्या मालमोटारचालकाच्या विद्येविषयी आपला सुशिक्षित समाज सहसा विचार करीत नाही. चाक धरता आले आणि गिअर टाकता आला की झाला ड्रायव्हर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत या विद्येचे स्वरूप इतके पालटले आहे की, ज्या गुणांमुळे आजोबा उस्ताद म्हणून मान्यता पावला त्यांतले पुष्कळसे गुण आज नातवाच्या उपयोगी पडत नाहीत, आणि नातवाला जे यावे लागते त्याची आजोबाला कल्पनाही नव्हती.

निजामी अमलात या मुलखाचा व्यापार मुख्यतः बैलगाडी आणि आगगाडी यांच्या आधाराने चाले. हैदराबादहून मनमाडला जाणारा मीटरगेज लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या जिल्ह्यातून गेला, आणि जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत बांधलेल्या रुईच्या गाठी सेलू, मानवत रोड, परभणी या स्थानकांवरून मनमाडला जाऊन, तेथे रुंद मार्गाच्या डब्यांत चढून मुंबईकडे रवाना होऊ लागल्या. संस्थानच्या सरहद्दीवर करोडगिरीचे नाके असत आणि आतबाहेर जाणाऱ्या मालावर तेथे जकात भरावी लागे. १९३२ साली निजाम सरकारच्या रेल्वेने सत्तावीस बसगाड्या घेऊन रस्ता-वाहतुकीचे खाते काढले खरे. परंतु ती सोय प्रामुख्याने उतारूंची होती, आणि मालाने लादलेली मोटार ही खेड्यापाड्यांतल्या लोकांना दुर्मीळच होती. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि ज्या बाजारपेठांचे तोंड आजवर हैदराबादकडे होते त्या हळूहळू पुण्या-मुंबईच्या रस्त्याकडे पाहू लागल्या. येथून मालमोटारीचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले.

महायुद्धानंतर लष्कराने विकून टाकलेल्या फोर्ड, शेव्हरोलेट अशा पेट्रोलच्या गाड्या आधी आल्या. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपुरात डिझेलच्या मालमोटारी बांधण्यास प्रारंभ केला, पाठोपाठ अशोक लेलँडच्या गाड्या आल्या, आणि पुढची तीन-चार दशके आपल्या रस्त्यांवर याच दोन घराण्यांचे राज्य होते. या गाड्या दणकट होत्या, परंतु चालकाकडून त्या भरपूर मोबदला घेत. सुकाणूला शक्तीचे साहाय्य नसल्यामुळे भरलेली गाडी जागच्या जागी वळविताना दंड भरून येत. बॅटरी उतरलेली जुनी पेट्रोलची गाडी हँडल मारून सुरू करावी लागे आणि ते हँडल उलट फिरले तर मनगट मोडण्याची भीती असे. डिझेल संपून नळीत हवा शिरली की पंपाचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत ‘एअर काढणे’ हे प्रत्येक ड्रायव्हरला यावेच लागे.

त्या काळच्या कौशल्याचा खरा कस लागे तो गिअर उतरविताना. दातेरी चाकांचे वेग आपोआप जुळविणारी व्यवस्था त्या गिअरपेटीत नसे; म्हणून चढावर गाडीचा दम तुटू लागला की चालकाने क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, क्लच सोडून अॅक्सिलरेटरला नेमका हवा तेवढाच झटका द्यावा, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकावा, आणि हे सारे गाडी चढावर थांबून मागे येऊ लागण्याच्या आत उरकावे, अशी ती ‘डबल क्लच’ची रीत होती. झटका कमी पडला तर दाते खरखरत, अधिक झाला तरी खरखरत. आणि तो किती द्यायचा हे सांगणारे कोणतेही यंत्र समोर नसे. इंजिनाचा स्वर हेच प्रमाण. म्हणून जुना उस्ताद गाडी कानाने चालवी असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. टॅपेट वाजतो आहे, नोझल चुकते आहे, पाट्याचे पान तुटले आहे, मागच्या जोडचाकांतले आतले चाक बसले आहे, हे त्याला आवाजावरून, बुडाखालच्या हादऱ्यावरून आणि धुराच्या रंगावरून कळे.

यंत्राइतकेच भूमीचेही ज्ञान आवश्यक होते. मराठवाड्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता त्यामुळे वर्षभर खाली-वर होत राहतो. एकाच गाडीपुरत्या डांबरी पट्ट्यावर समोरून दुसरी गाडी आली की कोणी तरी खाली उतरणे भाग असे, आणि पावसाळ्यात भरल्या गाडीची डावी चाके साइडपट्टीवर उतरली की आसापर्यंत फसण्यास फारसा वेळ लागत नसे. कोठे उतरावे, कोठे समोरच्याला दिवा दाखवून थांबवावे, कोणत्या फरशीपुलावरून पाणी वाहत असता थांबून राहावे, हा विवेक अनुभवातूनच येई. परभणीहून पाथरी, माजलगाव, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या मार्गाने कल्याणकडे जाताना शेवटी माळशेज घाट उतरावा लागतो, आणि तेथे लागू पडणारा जुना नियम आजही तितकाच खरा आहे: ज्या गिअरमध्ये चढ चढाल, त्याच गिअरमध्ये उतार उतरा. डिझेल वाचविण्याच्या लोभाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडून केवळ ब्रेकवर उतरविणाऱ्याचे ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो.

ही विद्या शिकविणारी शाळा कोणती? क्लीनरची जागा. ग्रामीण बोलीत ज्याला ‘किन्नर’ म्हणतात तो पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा काच पुसण्यापासून आरंभ करी. मग स्टेपनी उतरविणे, जॅक लावणे, ताडपत्री आवळणे, गाडी मागे घेताना फाळक्याशी उभे राहून हाकारे देणे अशा पायऱ्या चढत, एखाद्या रात्री मोकळ्या रस्त्यावर उस्तादाच्या देखरेखीखाली त्याच्या हाती चाक येई. मोकळा कापूस भरलेल्या गाडीने या पोराला जितके शिकविले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने शिकविले असेल. माल हलका, परंतु हौद्याच्या बाहेर फुगलेला आणि टपाच्याही वर चढलेला. वाऱ्याचा झोत आडवा आला की गाडी डोलते, बाजूच्या बाभळीच्या फांद्या माल ओरबाडतात, आणि एक ठिणगी सर्वनाशाला पुरते. उलट रुईच्या गाठींची गाडी आटोपशीर दिसते. पण एक गाठ १७० किलोंची, म्हणजे शंभर गाठींचे सतरा टन होतात, आणि दोर सैल राहिला तर वळणावर हे वजन सरकते. माल बांधणे हे चालविण्याचेच अंग आहे, हे त्या शाळेतला विद्यार्थी कधी विसरत नसे.

त्या शाळेचे गुण गाताना तिचे दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. तेथे शिव्या आणि थपडा हा अध्यापनाचा भाग होता, पगाराची शाश्वती नव्हती, रात्रंदिवस जागरण हे मर्दुमकीचे लक्षण मानले जाई, आणि उस्तादाच्या चुकीच्या सवयी शिष्य तितक्याच निष्ठेने उचली. अक्षरओळख नसलेले कितीतरी चालक बिल्टी आणि परमिट मुनिमाकडून समजावून घेत आणि रस्त्यावरचे फलक खुणांनी ओळखत. तरीही ज्ञानाची परंपरा एका हातातून दुसऱ्या हातात अखंड जात होती, आणि चुकणाऱ्याच्या शेजारी चूक दाखविणारा कोणी तरी बसलेला होता. ही गोष्ट सामान्य नव्हती.

पालट प्रथम कागदांत झाला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याची जागा १ जुलै १९८९ पासून १९८८ च्या कायद्याने घेतली. त्यापूर्वी १९७५ मध्ये नॅशनल परमिटची योजना आली आणि परराज्यांत माल नेणे सुकर झाले. परभणीचा ट्रक इंदूरला, अहमदाबादला वा कोइमतूरला जाऊ शकला, तसे चालकाला परमुलखातील भाषा, तपासणी आणि नियम यांचे भान ठेवणे भाग पडले. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये उठली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, आणि १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या पन्नास हजारांहून अधिक किमतीच्या मालासाठी ई-वे बिल आवश्यक झाले. या बिलाला मुदत असते. सध्याच्या नियमाप्रमाणे साधारणतः दर २०० किलोमीटरला एक दिवस. गाडी वाटेत बिघडली तर ही मुदत वाढवून घ्यावी लागते. पूर्वी नाक्यावर जो प्रश्न बोलून सुटे तो आता मोबाइलच्या पडद्यावर वाचून आणि आकडे भरून सोडवावा लागतो.

त्यानंतर यंत्र बदलले. पॉवर स्टिअरिंगने दंडांवरचा भार हलका केला, सुधारित गिअरपेटीने डबल क्लचची गरज संपविली, हवेच्या ब्रेकने पायाला बळ दिले, आणि एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ च्या दंडकांनी इंजिनाचा कारभार संगणकाच्या ताब्यात दिला. या पालटाचे एक अंग परभणीच्या शेतकऱ्याला चटकन समजेल असे आहे. नव्या अवजड गाडीला डिझेलच्या टाकीशेजारी एक लहान टाकी असते आणि तिच्यात अतिशुद्ध युरियाचे ३२.५ टक्के प्रमाणाचे द्रावण भरतात. धुराड्यात या द्रावणाचा फवारा उडतो, त्यातून निर्माण होणारा अमोनिया नायट्रोजनच्या विषारी ऑक्साइडांशी संयोग पावतो, आणि बाहेर पडतात ते नायट्रोजन वायू व पाण्याची वाफ. हे द्रावण संपले किंवा त्यात भेसळ झाली तर संगणक इंजिनाची शक्ती कमी करतो; भरलेली गाडी मग चढावर रांगू लागते. पिकाला घालण्याचा युरिया विहिरीच्या पाण्यात कालवून वेळ भागविण्याचा मोह एखाद्याला झालाच, तर त्या पाण्यातील क्षारांनी धूर शुद्ध करणारे महागडे यंत्र निकामी होते. जुन्या उस्तादाचा तीक्ष्ण कान येथे फारसा कामास येत नाही, कारण बिघाडाची पहिली खूण समोरच्या फलकावर उमटणाऱ्या दिव्याच्या व अक्षरांच्या रूपाने येते. ती वाचणे, तिच्यातील तातडीची खूण कोणती आणि मुक्कामापर्यंत थांबू शकणारी कोणती हे ओळखणे, हे आजचे कौशल्य आहे.

रस्ताही बदलला. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग शेजारच्या जालना जिल्ह्यातून गेला असून, ५ जून २०२५ रोजी त्याचा अखेरचा टप्पा खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचा हा मार्ग अखंड उपलब्ध आहे. तेथे ना फाटा, ना गुरे, ना समोरून येणारी गाडी. आणि धोका नेमका या सुलभतेतून उद्भवतो. तासन्‌तास एकाच वेगाने, एकाच दिशेने पाहत राहिल्यावर डोळे उघडे असूनही मन निद्रिस्त होते. तापलेल्या काँक्रीटवर कमी हवेचे जुने टायर सलग धावले की फुटतात. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर जवळपास चौपट होते, आणि २०१८ मध्ये तीन आसांच्या गाडीचे अनुज्ञेय एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेले आहे, हे दोन्ही आकडे एकत्र ठेवून पाहावेत. खराब रस्त्यावर चालकाला रस्ताच जागे ठेवी. चांगल्या रस्त्यावर जागे राहण्याचे कर्तव्य सर्वस्वी त्याचे झाले आहे.

या सर्व परिवर्तनाचे सार काढावयाचे तर असे म्हणता येईल की, श्रम यंत्राने उचलले, परंतु उत्तरदायित्व माणसाकडेच राहिले आणि ते पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले. दुर्दैवाने याच काळात ती जुनी शाळा बंद पडली. खर्च परवडत नाही म्हणून क्लीनर गेला. कित्येक गाड्यांवर आज एकटा चालक असतो, त्याच्याकडून शिकणारा कोणी नाही आणि डुलकी लागली तर हाक मारणाराही कोणी नाही. व्यावसायिक परवान्यासाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. गरीब घरातल्या होतकरू तरुणाला त्यामुळे वाट मोकळी झाली हे चांगले झाले. पण ज्या वर्षांत या कामातले वाचन वाढत होते त्याच वर्षांत ही अट गेली, हे ध्यानात घेतल्यास शिक्षणाची जबाबदारी दुसऱ्या कोणी तरी उचलणे क्रमप्राप्त ठरते.

ती कोणी उचलावी? पुण्यात १९६७ पासून केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे, राज्य परिवहन महामंडळ आपल्या चालकांना रीतसर प्रशिक्षण देते. परंतु एक-दोन गाड्या कर्ज काढून घेतलेल्या मालकाचा चालक या व्यवस्थांच्या परिघाबाहेरच राहतो. २०२५ पर्यंत लागू असलेला १९६१ चा मोटार परिवहन कामगार कायदा दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालत असे खरा. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेलाच लागू असल्यामुळे लहान मालकाच्या गाडीवरील माणसाला त्याचे संरक्षण पोहोचत नव्हते. ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींच्या केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले आहे. मराठवाड्याच्या मे महिन्यातल्या उन्हात इंजिनाशेजारी बसून दिवस काढलेल्या माणसाला या सुधारणेचे मोल निराळे सांगावयास नको. तथापि गारवा हा झोपेला पर्याय होऊ शकत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी, मराठीतून, काही आठवड्यांचे असे शिक्षण मिळाले पाहिजे की ज्यात फलकावरील खुणा वाचणे, माल बांधणे, घाट उतरणे, ई-वे बिल सांभाळणे, अपघातग्रस्ताला प्रथमोपचार देणे आणि केव्हा थांबावे हे ओळखणे, या सर्व गोष्टी हाताने करून शिकविल्या जातील. आणि शिकविण्यासाठी निवृत्तीच्या वाटेवर असलेल्या उस्तादांना मानाने बोलावले पाहिजे. घाट, चिखल, वारा आणि भार यांचे जे ज्ञान त्यांच्यापाशी आहे ते कोणत्याही संगणकात साठविलेले नाही, आणि ही पिढी गेल्यावर ते पुन्हा मिळवावयाचे म्हणजे अपघातांतूनच मिळवावे लागेल. बाजार समिती, कारखाना, व्यापारी आणि शासन या चौघांचाही माल याच माणसाच्या भरवशावर रस्त्यावर असतो. त्याच्या शिक्षणाचा आणि विश्रांतीचा खर्च चौघांनी मिळून उचलावा, यात उपकार कसला? ते त्यांचे देणे आहे.