नागोयाचा साकव

नागोया हे नाव आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कानांवर पडले असेल ते मोटारींच्या निमित्ताने. जपानच्या मध्यभागी वसलेले, तेवीस लाखांच्या घरात वस्ती असलेले हे शहर म्हणजे त्या देशाच्या मोटारधंद्याचे माहेरघर. जवळच कोरोमो नावाचे एक जुने गाव होते. 1959 साली त्याने आपले नाव टाकून ‘टोयोटा’ हे कारखान्याचे नाव घेतले. ज्या मुलखात गावे मोटारींची नावे धारण करतात, तेथे पायी चालणाऱ्याची काय प्रतिष्ठा, असा प्रश्न कोणाच्याही मनात यावा. आमच्याही आला, आणि त्याचे उत्तर आम्हांला अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाले. एका पादचारी पुलावर, आणि त्यापुढे एका मद्यगृहाच्या बाहेरील बाकावर.

आमचा भाचा यंत्रांच्या कामानिमित्त तेथे राहतो. त्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता तीन आठवडे त्याच्याकडे होतो. त्याचे घर नागोया स्थानकाच्या नैर्ऋत्येस, कोमेनो नावाच्या जुन्या वस्तीत आहे. बुटकी घरे, अरुंद गल्ल्या, दारापुढे कुंड्या. या वस्तीच्या पूर्वेस रुळांचे एक रुंद जाळे आहे, आणि रुळांपलीकडे सासाशिमा नावाचा नवाकोरा भाग. नागोयाचे पहिले स्थानक 1886 साली उघडले ते या सासाशिमाच्याच बाजूस. पुढे स्थानक उत्तरेकडे सरकले आणि येथे मालगाड्यांचे मोठे ठाणे राहिले. तेही 1986 साली बंद पडले. त्या रिकाम्या जागेवर आता उंच इमारती, विद्यापीठ, चित्रपटगृहे आणि उपाहारगृहे उभी आहेत. 2004 साली तेथे नव्या रेल्वेमार्गाचे एक स्थानक आले, आणि 2017 साली एक उत्तुंग इमारत आपले दरवाजे उघडून बसली.

परंतु कोमेनोच्या माणसांना हे सारे वैभव दिसत होते ते दुरूनच. मध्ये रूळ. समोरचा दिवा डोळ्यांना दिसावा आणि तेथे पोहोचण्यास लांबचा वळसा पडावा, अशी अवस्था. अखेर नगरपालिकेने रुळांवरून केवळ पायी चालणाऱ्यांसाठी एक पूल बांधला. आमच्या भाचेसुनेने पहिल्याच संध्याकाळी आम्हांस तेथे नेले. “मामा, गावातले सगळे येथेच भेटतात,” ती म्हणाली. आम्हांस वाटले, ही अतिशयोक्ती असावी. ती नव्हती.

पुलावर कठड्याशी लहान मुले गाड्या पाहण्यासाठी उभी होती. खालून निरनिराळ्या रंगांच्या गाड्या जात, आणि एखाद्या चालकाने हात हलविला की मुले आनंदाने किंचाळत. शाळेतून परतणारे विद्यार्थी, पिशव्या सांभाळणाऱ्या गृहिणी, आणि कुत्रे फिरविणारी वयस्क मंडळी यांची तेथे जणू बैठकच भरे. जपानी माणूस अनोळखी माणसाशी बोलत नाही, असे आम्ही ऐकले होते. परंतु कुत्र्याचा दोर हाती असला की ती रीत सैल पडते, असे आम्हांस दिसून आले. आधी कुत्रे एकमेकांची विचारपूस करतात, मग माणसे.

तेथील बोलण्याचा मुख्य विषय अर्थातच हा पूल. आमची भाचेसून दुभाष्याचे काम करी. एक निवृत्त कारागीर म्हणाले, पूल चांगला, पण वीस वर्षे उशिरा आला. आमची मुले शाळकरी असताना तो हवा होता. एका तरुण आईचे म्हणणे, लिफ्ट नसती तर बाबागाडी घेऊन मी येथे कधीच आले नसते. एका दुकानदाराची तक्रार निराळीच. पूल झाल्यापासून वस्तीतील गिऱ्हाईक पलीकडच्या झगमगाटाकडे चालत जाते, आणि पलीकडचे गिऱ्हाईक मात्र इकडे येत नाही. पूल दोन्ही बाजूंनी सारखाच लांब असतो, माणसांची ओढ सारखी नसते, हे त्याचे शब्द आमच्या मनात राहिले.

या गोष्टी ऐकताना आम्हांस एक माहिती मिळाली, ती वाचकांस सांगण्याजोगी आहे. मोटारींच्या रस्त्यावरून माणसांना पलीकडे नेणारा जपानमधील पहिला पादचारी पूल याच परिसरातला. नागोयाच्या सीमेला लागून असलेल्या निशिबिवाजिमा या गावी 1959 साली तो उभा राहिला, आणि उभा राहिला तो शाळकरी मुलांसाठी. युद्धानंतर रस्त्यांवर मोटारींचा इतका सुळसुळाट झाला होता की त्या काळास जपानी वृत्तपत्रांनी ‘वाहतुकीचे युद्ध’ असेच नाव दिले. 1970 या एका वर्षात जपानच्या रस्त्यांवर 16,765 माणसे मृत्यू पावली. तेव्हा गावोगावी लोखंडी जिन्यांचे पूल बांधले गेले. मुले त्यावरून सुरक्षित जाऊ लागली, हे खरेच. 2022 साली मृतांचा हा आकडा 2,610 वर आला. त्याचे श्रेय अर्थात केवळ पुलांना नाही, तर कायदे, पट्टे, रस्त्यांची रचना, वैद्यकीय सोयी या सर्वांना आहे.

मात्र या पुलांची दुसरी बाजूही होती. मोटारीस थांबावे लागू नये म्हणून माणसाने जिना चढावा, हा त्यांमागील हिशेब. शाळकरी मुलाला तीस पायऱ्या म्हणजे खेळ. तोच मुलगा सत्तर वर्षांचा झाला की त्याच पायऱ्या त्याला डोंगरासारख्या वाटतात. जपान म्हातारा होत गेला, पूल गंजत गेले, वर्गांतील मुले कमी होत गेली. निशिबिवाजिमाचा तो पहिला पूलही रस्तारुंदीसाठी 2010 साली काढून टाकण्यात आला. उरलेल्या पुलांच्या देखभालीस पैसा पुरत नाही म्हणून नागोया शहर आता पुलांना नाव देण्याचा हक्क व्यापारी कंपन्यांस विकते. कोणत्याही पुलाच्या कपाळावर एखाद्या दुकानाचे नाव झळकावे, हे आपल्याला विचित्र वाटेल. परंतु त्या पैशातूनच गंज काढून रंग दिला जातो.

आणि गरज अद्याप संपलेली नाही. 1945 च्या बाँबवर्षावात हे शहर जळाले, त्यानंतर ते आखताना रस्ते फार रुंद ठेवले गेले. त्यांपैकी दोन तर शंभर मीटर रुंदीचे. रुंद रस्ता मोटारीला वेगाचा मोह घालतो. दिवा पिवळा होताच वेग वाढविणे, इशारा न देता वळणे, या खोडींना खुद्द जपानी लोक ‘नागोया-बाशिरी’, म्हणजे नागोयाची धाव, असे उपहासाने म्हणतात. 2003 ते 2018 अशी ओळीने सोळा वर्षे रस्त्यावरील मृत्यूंत हा आइची प्रांत सबंध देशात पहिला होता. म्हणूनच रुळांवरील त्या पुलावर, जेथे एकही मोटार येऊ शकत नाही, तेथे माणसे इतकी निवांतपणे उभी राहत असावीत.

पुलावर रोज भेटणाऱ्यांत एक आजीबाई होत्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठीत किंचित वाक, आणि सोबत पंधरा वर्षांचा तांबूस कुत्रा. त्याची मागली तंगडी अधू झालेली. दोघेही लिफ्टने वर येत, पुलाच्या मध्यभागी थोडा वेळ थांबत, आणि पलीकडे उतरून एका छोट्या इझाकायाकडे जात. इझाकाया म्हणजे जपानी पद्धतीचे मद्यगृह, जेथे पेयाबरोबर तऱ्हेतऱ्हेचे चटकमटक पदार्थ मिळतात. नागोयाच्या तिखटगोड कोंबडीच्या पंखांची ख्याती देशभर आहे. आम्ही मात्र मिठाच्या पाण्यात उकडलेल्या हिरव्या सोयाबीनच्या शेंगांवर समाधान मानले. डोळे मिटून खाल्ल्यास भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगांची आठवण यावी.

या इझाकायाच्या दारावर कुत्र्याचे चित्र आणि चार शब्द होते : बाहेरील बाकांवर कुत्र्यांस मोकळीक. अशा पाट्या त्या भागात आणखी दोन-तीन ठिकाणी दिसल्या. जपानात स्वयंपाकघरात प्राणी चालत नाही. गिऱ्हाइकांच्या जागेत त्यास घ्यावे की नाही, हे ज्या त्या दुकानदाराने ठरवावयाचे. बहुतेक जण ‘केवळ बाहेर’ हा मधला मार्ग स्वीकारतात. आणि बाहेर बसण्याची ही सोयही जुनी नाही. शहरातून वाहणारा होरिकावा हा कालवा 1610 साली किल्ल्याच्या बांधकामासाठी खोदला गेला. त्याच्या नायाबाशी पुलापाशी काठावर टेबले-खुर्च्या मांडण्यास परवानगी मिळाली ती 2005 साली, आणि तीही प्रथम प्रयोग म्हणून.

बाकांवर या विषयाची चर्चा मोठ्या चवीने चाले. एक गृहस्थ म्हणत, बिअरच्या पेल्यात केस पडला तर पैसे कोण परत देणार? दुसऱ्याने उत्तर दिले, कुत्रा निदान चार पेले झाल्यावर गाणे म्हणत नाही. कोणी पाचवा शोगुन त्सुनायोशी याचे नाव काढले. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने कुत्र्यांना इजा करणाऱ्यांस इतक्या कठोर शिक्षा ठरविल्या की लोक त्याला ‘कुत्र्यांचा शोगुन’ म्हणू लागले. 1709 साली तो वारला आणि ते कायदे लागलीच मागे घेतले गेले. “हुकमाने प्रेम होत नाही,” असे मालकाने मध्येच म्हटले, आणि सर्वांनी माना डोलावल्या.

येथे आम्ही आमची स्वतःची अडचण कबूल केली पाहिजे. आम्ही कोकणातल्या घरात वाढलो. कुत्रा अंगणात, फार तर पडवीच्या पायरीवर. जेवणाऱ्याच्या आसपास त्याने येणे म्हणजे अमंगळच. येथे इस्रायलमध्ये नातवंडांनी कुत्रा घरात आणला तेव्हा आमच्या घरी तीन दिवस अबोला होता, आणि तेल अवीवच्या उपाहारगृहांत टेबलाखाली पहुडलेले कुत्रे पाहून आम्ही अद्यापही पाय आखडून बसतो. त्यामुळे पहिल्या दिवशी त्या आजीबाईंच्या बाकावर बसण्याचे आम्ही टाळले. त्यांच्या ते लक्षात आले. त्यांनी काही न बोलता कुत्र्याला आपल्या पलीकडच्या बाजूस घेतले आणि आमच्यासाठी जागा केली. त्यानंतर उभे राहणे अशक्य होते.

मग त्यांनी आम्हांस साकाए भागातील एका पुतळ्याची गोष्ट सांगितली. तो पुतळा कुत्र्याचा आहे. सर्व्ह हे तिचे नाव. नागोयाच्या संस्थेत शिकविलेली, अंध माणसास वाट दाखविणारी कुत्री. 1982 च्या जानेवारीत शेजारच्या गिफू प्रांतात हिमाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर एक मोटार तिच्या धन्यावर घसरत आली. सर्व्हने मध्ये उडी घेतली. धनी वाचला, तिचा पुढचा डावा पाय गेला. तीन पायांवर ती 1988 पर्यंत जगली. त्यावेळी प्रश्न निघाला : विम्याच्या हिशेबी ही कुत्री म्हणजे काय? एखादी पिशवी किंवा छत्री यांसारखी वस्तू? की अंध माणसाचे डोळे, म्हणजे त्याच्या शरीराचाच भाग? लोकमत दुसऱ्या बाजूस झुकले. पुढे 2002 साली जपानने कायदा केला, आणि पुढील वर्षापासून उपाहारगृहांसही अशा साहाय्यक कुत्र्यास दाराबाहेर ठेवण्यास बंदी झाली. “माझा हा काही कामाचा नाही,” आजीबाई आपल्या कुत्र्याकडे पाहून म्हणाल्या, “पण हे गेल्यापासून मी घराबाहेर पडते ती याच्यामुळे.” ‘हे’ म्हणजे त्यांचे यजमान. पूल पुरा झालेला त्यांनी पाहिला नव्हता.

या वाक्यानंतर आम्ही पुलाकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. लिफ्ट नसती तर अधू पायाचा कुत्रा वर आला नसता. कुत्रा नसता तर आजीबाई बाहेर पडल्या नसत्या. आणि बाहेरचा बाक नसता तर पलीकडे पोहोचूनही त्यांस कोठे टेकता आले नसते. एवढीशी साखळी, पण तिची एक कडी निखळली तर एक म्हातारे माणूस चार भिंतींआड जाते.

आपल्यापैकी पुष्कळांनी मशीद बंदर किंवा परळच्या रेल्वेपुलांवरून गर्दीत खांद्याला खांदा घासत वर्षे काढली आहेत. त्यांना 29 सप्टेंबर 2017 हा दिवस ठाऊक असेल. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे गेली. नंतर लष्कराने तेथे नवा पूल बांधला, तो 2018 च्या फेब्रुवारीत खुला झाला. त्याच वर्षी इकडे तेल अवीवमध्ये आयालोन महामार्गावरून पादचाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी येहुदीत पूल झाला. पूल केवळ पोलादाने होत नाही. कोणाचे पाय त्यावरून जाणार, याचा विचार आधी कोणी तरी करावा लागतो, आणि तो अपघातापूर्वी केला तर बरे.

हा विचार आपल्या पूर्वजांना नवा नव्हता. कोकणात ओढ्यावर साकव घालतात. दोन ओंडके, वर फळ्या, हाताला बांबू. पावसाने तो वाहून गेला की गाव पुन्हा घालते. त्याला कोणाचे नाव नसते. पण धरावयाचा बांबू मात्र म्हातारीच्या हाताच्या उंचीवर बांधतात, कारण धडधाकट माणसाला त्याची गरजच नसते.

आज आपल्या वसाहतींतील कित्येक वृद्ध स्त्री-पुरुष लिफ्ट नसलेल्या इमारतींच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. खाली उतरले तर हिब्रू बोलणारा शेजार, आणि बसण्यास बाक नाही. त्यांच्यासाठी आपणांस नदीवर पूल बांधावयाचा नाही. जिन्याला एक कठडा, दाराशी एक बाक, आणि संध्याकाळी कोणी तरी हाक मारणारे, इतके पुरे.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही पुलावर गेलो. आजीबाई आल्या, कुत्रा आला. इझाकायाच्या मालकाने न सांगता शेंगांची बशी आणि पाण्याचा एक वाडगा ठेवला. वाडगा कोणासाठी, हे विचारण्याचे कारण नव्हते. कुत्र्याने पाणी प्यायले, आणि आमच्या बुटावर मान ठेवून तो झोपी गेला. आम्ही पाय हलविला नाही.