फाटक्या पतंगांचा तास

वासी उत्तरायण आटोपले की आमच्या बडोद्यात गच्च्यांवर, विजेच्या तारांवर आणि कडुनिंबांच्या फांद्यांवर पतंगांची लक्तरे पुढे महिनाभर लोंबत राहतात. त्यांचे काय होते, असे कोणी विचारीत नाही. यंदा मात्र आमच्या नातीने अशा तीस-चाळीस फाटक्या पतंगांची चळत माझ्यापुढे आणून ठेवली आणि म्हणाली, "आजोबा, बाईंनी तुम्हाला चित्रकलेच्या तासाला बोलावलंय. येताना हे घेऊन या."

मी जन्मभर ड्रॉइंगमास्तर. माझी रीत सरळ होती. फळ्यावर आंबा काढायचा, मुलांनी तो वहीत उतरवायचा. ज्याचा आंबा माझ्या आंब्यासारखा, त्याला दहांपैकी आठ. त्याने हात बसतो, आणि हात बसणे ही लहान गोष्ट नव्हे, हे मी आजही म्हणेन. परंतु दुसरीतल्या पोराला ते कितपत मानवते, ह्याचा विचार मी कधी केला नव्हता.

बाईंनी माझ्या हाती एक चित्रांचे पुस्तक दिले. लिओ लिओनी नावाचे चित्रकार एकदा न्यूयॉर्कहून आगगाडीने नातवंडांना घेऊन निघाले होते. पोरे चुळबुळ करू लागली, तेव्हा आजोबांनी जवळच्या मासिकाची पाने फाडून रंगीत तुकडे केले आणि त्यांचीच गोष्ट रचली. ते पुस्तक १९५९ साली निघाले. त्यात एक निळा ठिपका, एक पिवळा. दोघे जिवलग मित्र. एक दिवस ते एकमेकांना असे कडकडून भेटतात की हिरवेच होऊन जातात, आणि घरी आईबाप त्यांना ओळखीत नाहीत!

गोष्ट इथवर सांगून आम्ही थांबलो. प्रत्येकाला निळ्या आणि पिवळ्या पतंगाचा एकेक तुकडा दिला, आणि एकावर एक धरून खिडकीकडे पाहा म्हटले. वर्गात एकच ओरडा झाला. निळा अधिक पिवळा बरोबर हिरवा, हे मी तीस वर्षे पाढ्यासारखे घोकून घेतले होते. ह्या मुलांनी ते डोळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या तासाला एरिक कार्ल ह्यांचे खादाड सुरवंटाचे पुस्तक घेतले. ते १९६९ चे. कार्ल पातळ कागद आधी स्वतः रंगवीत, वाळवीत, मग कापून चिकटवीत. आम्हीही तसेच केले. जुने दात घासायचे ब्रश, चिंध्यांचे बोळे, जे मिळेल त्याने कागदावर रंगाचे ठसे उठवले. पहिले सहा कागद पाण्याने विरघळून फाटले, तेव्हा शहाणपण आले. पतंगाच्या कागदाखाली वर्तमानपत्र घालावे, पाणी बेताने घ्यावे, आणि मैद्याची खळ कागदाला न लावता खालच्या पुठ्ठ्याला लावावी.

ही रीत आपल्या गावाला अगदीच नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढले ते हाताला काम शिकवण्यासाठी, आणि १९०६ साली सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पुढे विद्यापीठाच्या ललितकला विभागात के. जी. सुब्रमण्यन ह्यांच्यासारखा मोठा चित्रकार कलामेळ्यांसाठी खेळणी करी आणि मुलांसाठी चित्रांची पुस्तकेही रची. हे सारे माझ्या घरापासून मैलभरात घडत होते. मी मात्र फळ्यावर आंबा काढीत होतो.

तिसऱ्या तासाला एका मुलाने जांभळ्या पतंगाचा कावळा केला. "दादा, बरोबर आहे ना?" त्याने विचारले. माझा हात सवयीने खिशातल्या लाल पेन्सिलीकडे गेला आणि तिथेच थिजला.

आमचा चिरंजीव सात वर्षांचा असताना त्याने असाच जांभळा कावळा रंगवला होता. मी त्यावर लाल काट मारली. "कावळा काळा असतो," म्हटले. "उन्हात असा दिसतो, बाबा," तो म्हणाला. मी ऐकले नाही. त्यानंतर त्याने रंगाची पेटी उघडली नाही. त्याला आवड नाही, असे मी चाळीस वर्षे लोकांना सांगत आलो.

त्या दिवशी घरी येऊन मी गच्चीत बसलो. दुपारचे ऊन होते. कठड्यावर कावळा आला. मान वळवली की त्याच्या पंखांवर स्वच्छ जांभळी झाक उठत होती.

शनिवारी पालकांसाठी वर्गाच्या भिंतींवर चित्रे लावली. चिरंजीव लेकीचा सुरवंट पाहायला आले होते. ते त्या कावळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"ह्याला किती मार्क दिलेत, बाबा?"

"मार्क नाहीत दिले," मी म्हटले. "आणि तुझ्या कावळ्याचं चुकलं नव्हतं. माझं चुकलं होतं."

ते काही बोलले नाहीत. जाताना लेकीची कात्री आणि उरलेले कागद त्यांनी स्वतःच्या पिशवीत ठेवले.

वाचकांना एवढीच विनंती, की पुढल्या उत्तरायणानंतर गच्चीतले फाटके पतंग केरात टाकू नयेत. आमची नात ते मागायला घरोघर येणार आहे. निळे आणि पिवळे आठवणीने वेगळे ठेवावेत.