बिळातला पाहुणा, विजेचं बिल!

माहीत आहे का? एलईडी आल्यावर आपण हद्दपार केलेला पिवळा बल्ब सरड्यांच्या दुनियेत आजही हीरो आहे! तो खातो त्यातली 90 टक्क्यांहून जास्त वीज उष्णता होऊन बाहेर पडते. आपल्या दृष्टीनं वाया, सरड्यासाठी चक्क ऊन!

बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा दाढीवाला सरडा, ब्रिटनमध्ये भलताच लोकप्रिय पेट आहे. पण थाट बघा! ऊन खायच्या जागी 40 अंशांच्या आसपास तापमान हवं आणि पेटीच्या दुसऱ्या टोकाला पंचविशीतला गारवाही हवा.

आता हिशोब. 100 वॅटचा बल्ब रोज 12 तास, म्हणजे वर्षाला 438 युनिट. ऑक्टोबर 2022 मध्ये ब्रिटनमध्ये युनिटचा सरासरी दर होता 34 पेन्स. एका सरड्याच्या उन्हाचं बिल जवळजवळ 149 पौंड! शॉक बसला ना?

मग बचत कुठे? आधी पेटीत! काचेची टाकी आणि वर जाळीचं झाकण असलं की गरम हवा भुर्रकन पसार. पुढे सरकत्या काचा असलेली लाकडी पेटी मात्र गोधडीसारखी ऊब धरून ठेवते. काचच हवी? मग मागच्या आणि बाजूच्या भिंतींना बाहेरून थर्माकोल लावा. हवेच्या फटी तेवढ्या मोकळ्या ठेवा.

दिव्याखाली सपाट दगड ठेवा. दिवा मालवल्यावरही तो काही वेळ गरम राहतो. बाजारातले विजेचे ‘हॉट रॉक’ मात्र नकोच, पोट भाजतं!

खरा बॉस थर्मोस्टॅट! हवं तेवढं तापलं की तो वीज आवरतो. पण त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, उन्हाच्या जागी पक्का बसवा. सरड्यानं वायर ओढली आणि प्रोब गार कोपऱ्यात पडला, तर थर्मोस्टॅटला वाटतं पेटी अजून थंडच आहे. हीटर तापतच राहतो. रोज एक नजर टाकाच.

रात्री? ड्रॅगनला 18-20 अंश चालतात. घर तेवढं उबदार असेल तर रात्रीचा हीटर बंद, तेवढी वीज वाचली!

माहीत आहे का? लेपर्ड गेको या पालीचं लिंग अंड्याचं तापमान ठरवतं. 26 अंशांना बहुतेक माद्या, 32-33 ला बहुतेक नर. बारसं थर्मोस्टॅटच्या हाती!

ब्रह्मदेशी अजगराची मादी तर स्वतःच हीटर! अंड्यांभोवती वेटोळं घालून ती स्नायू थरथरवते आणि त्यांना ऊब देते.

बचतीचा चॅम्पियन मात्र न्यू कॅलेडोनियाचा क्रेस्टेड गेको. नामशेष समजला गेलेला हा पठ्ठ्या 1994 मध्ये पुन्हा सापडला. त्याला 22 ते 26 अंश पुरतात, म्हणून बऱ्याच घरांत हीटरची गरजच पडत नाही.

महाराष्ट्रात तर हवाच गरम, मग एखादं तारा कासव आणू या? मुळीच नाही! 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पाळणं गुन्हा आहे. कुणी विकताना दिसलं तर थेट वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन लावा.