कात टाकणारा सादडा

वैशाखातल्या भर दुपारी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जाऊन पाहावे. गाळ्यांपुढे पोत्यांच्या थप्प्या, मालाचे ट्रक, आणि सावली म्हणाल तर त्या ट्रकचीच! पाठीवर ओझी वाहून दमलेला हमाल तिथे घटकाभर टेकतो. ट्रक हलला की सावलीही गेली. अशा जागी झाड लावायचे तर कोणते? आमचे मत अर्जुनाला, म्हणजे खेड्यापाड्यातल्या सादड्याला.

हा मूळचा नदी-ओढ्यांच्या काठचा. वीस-पंचवीस मीटर सहज वाढतो. शिशिर सरता सरता पाने गाळतो आणि ऊन तापते तोवर नव्या पालवीने भरून येतो. पण त्याचे खरे देखणेपण खोडात आहे. राखी, मध्येच गुलाबी, कुठे हिरवट अशी गुळगुळीत साल. तिचे पातळ ढलपे आपोआप सुटून पडतात आणि आतली नवी कांती उजळते. त्याचाच भाऊबंद ऐन मात्र मगरीच्या पाठीसारखा भेगाळ!

ही सालच त्याच्या जिवावर उठते. हृदयविकारावर काढा म्हणून लोक कोयता चालवतात. झाड स्वतः टाकते तो पापुद्रा मेलेला असतो; कोयत्याने निघते ती जिवंत साल. पानांनी केलेले अन्न तिच्यातूनच मुळांकडे उतरते. बुंध्याभोवती पुरते वळे सोलले की मुळे उपाशी राहतात आणि उभे झाड वाळते. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्याने झाडाला इजा करणे हे तोडण्यातच धरले आहे. पण हे ठाऊक किती जणांना?

लावणे अवघड नाही. पाच पंखांची कठीण फळे दोन दिवस पाण्यात भिजवून पावसाळ्यापूर्वी पिशवीत पेरावीत. रोप कमरेइतके झाले की मीटरभर खोल खड्ड्यात, शेणखत घालून लावावे. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी चुकवू नये. ओढ्याकाठचा जीव तो. आणि बुंध्याशी काँक्रीट नको. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे मीटरभर काँक्रीट काढायला लावले होते. यार्डात तेवढी माती मोकळी सोडावी आणि भोवती भक्कम लोखंडी पिंजरा बसवावा. टेम्पो मागे घेताना पहिला धक्का रोपालाच बसतो.