‘फुटले’ की ‘फोडले’? : प्रसिद्ध व्यक्तींची खासगी छायाचित्रे आणि आपली वाक्यरचना

एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचे खासगी छायाचित्र तिच्या संमतीवाचून लोकांच्या हाती पडले, म्हणजे त्याविषयीची समाजाची वृत्ती प्रथम मतांतून नव्हे, तर वाक्यांतून प्रकट होते. मत विचारले असता बहुतेक माणसे ‘असे होऊ नये’ असेच म्हणतात. परंतु तीच माणसे सहज बोलताना ज्या क्रियापदाने त्या घटनेचे वर्णन करतात, त्या क्रियापदात दोष कोणाचा याचा निवाडा पुष्कळदा आधीच होऊन गेलेला असतो. हा निवाडा कसा होतो, हे मराठीच्या आणि विशेषतः जालना जिल्ह्यात ऐकू येणाऱ्या मराठीच्या आधारे स्पष्ट करावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ही संख्याशास्त्रीय पाहणी नव्हे. सार्वजनिक रीत्या नोंदल्या गेलेल्या काही घटना व सर्वांच्या परिचयाचे काही वाक्प्रयोग यांचे हे विवेचन आहे.

१. एक उपयुक्त तुलना

दिनांक २१ फेब्रुवारी २०२५ रोजी जालना जिल्ह्यातील बदनापूर येथे दहावीच्या परीक्षेचा मराठीचा पेपर फुटला, अशी वार्ता पसरली. ती वार्ता कितपत खरी होती, हा प्रश्न येथे बाजूस ठेवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते एवढेच, की ‘पेपर फुटला’ हे वाक्य कानी पडताच ऐकणाऱ्याच्या तोंडी स्वाभाविकपणे येणारा पुढचा प्रश्न ‘कोणी फोडला?’ हाच असतो. पेपर फुटण्यासारखा होता काय, तो छापलाच कशाला, असे कोणी विचारीत नाही.

मराठीत फुटणे–फोडणे, पसरणे–पसरविणे, सुटणे–सोडणे अशा अकर्मक व सकर्मक धातूंच्या जोड्या विपुल आहेत. जोडीतील पहिला धातू घटना सांगतो. दुसरा घटनेबरोबर कर्त्याचीही अपेक्षा ठेवतो. या दोहोंच्या मध्ये कार्यालयीन मराठीने ‘पेपर फोडण्यात आला’ अशी तिसरी रचना रूढ केली आहे. तिच्यात कर्त्याचे नाव नसते. तथापि कोणीतरी कर्ता आहे, एवढे ती मान्य करते. पेपरफुटीच्या चर्चेत आपण या पायऱ्या झपाट्याने चढतो, आणि ‘फुटला’पासून ‘अमुकाने फोडला’पर्यंत पोहोचेतोवर आपले समाधान होत नाही.

आता याच्या शेजारी ‘अमक्या नटीचे फोटो लीक झाले’ हे वाक्य ठेवून पाहावे. येथेही काहीतरी फुटले आहे. कोणीतरी ते फोडलेही आहे. परंतु पुढचा प्रश्न बदलतो. ‘कोणी केले?’ याऐवजी ‘खरे आहेत का?’, ‘कोणाबरोबर?’ आणि ‘असले फोटो काढलेच कशाला?’ असे प्रश्न येतात. कर्त्याचे रिकामे स्थान रिकामेच राहत नाही. छायाचित्रात जी व्यक्ती दिसते, तिलाच त्या स्थानावर आणून बसविले जाते. लोकवृत्तीचे मर्म या स्थानांतरात आहे.

२. ‘तिचे’ या षष्ठीचा घोटाळा

या स्थानांतरास षष्ठी विभक्ती साहाय्य करते. ‘तिचे फोटो’ म्हणजे तिच्या मालकीचे, तिने काढलेले, की ती ज्यांत दिसते असे? तिन्ही अर्थ एकाच प्रत्ययात सामावतात. पुण्यात वाढलेल्या आणि मराठी व हिंदी रंगभूमी-चित्रपटांत काम केलेल्या अभिनेत्री राधिका आपटे यांच्या बाबतीत २०१५ साली लागोपाठ घडलेल्या दोन घटनांवरून हा घोटाळा नीट समजतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत काही नग्न छायाचित्रे त्यांची म्हणून दूरध्वनींवरून फिरविण्यात आली. ती आपली नव्हेत, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. त्यानंतर एप्रिलमध्ये दिग्दर्शक अनुराग कश्यप यांच्या एका लघुपटातील दृश्य, तो लघुपट प्रदर्शित होण्यापूर्वीच, कोणीतरी बाहेर काढले व ते सर्वत्र पसरविले. कश्यप यांनी याबाबत पोलिसांकडे तक्रार केली. हाच लघुपट पुढे ‘मॅडली’ या संकलित चित्रपटाचा भाग म्हणून पडद्यावर आला आणि त्यातील अभिनयाबद्दल २०१६ साली न्यूयॉर्क येथील ट्रायबेका महोत्सवात राधिका आपटे यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

या दोन घटनांत साम्य असे काहीच नाही. पहिलीत छायाचित्रांतील व्यक्ती त्या नव्हेतच, असे त्यांचे म्हणणे. दुसरीत त्या होत्या, परंतु ते खासगी जीवन नव्हते, व्यवसायाचे काम होते. खऱ्या अर्थाने ‘खासगी छायाचित्र’ या दोहोंपैकी एकही म्हणता येणार नाही. तरीही लोकांच्या तोंडी दोन्हींना एकच नाव मिळाले. खोटे, अभिनीत आणि खासगी या तीन भिन्न गोष्टी ‘तिचे’ या एका शब्दात विरघळून गेल्या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदाना यांच्या बाबतीत हाच प्रकार यंत्राच्या साहाय्याने घडला. दुसऱ्या एका स्त्रीच्या चलच्चित्रावर मंदाना यांचा चेहरा बसवून ते त्यांचे म्हणून फिरविले गेले. यात अन्याय दोघींवर झाला. एकीचा चेहरा वापरला गेला, दुसरीचे शरीर. परंतु षष्ठीला एकच मालक पुरतो, म्हणून दुसऱ्या स्त्रीची चर्चा फारच थोडी झाली.

उलटपक्षी, २१ फेब्रुवारी २०२३ रोजी अभिनेत्री आलिया भट्ट यांनी जी तक्रार जाहीरपणे मांडली, तिच्यात अश्लीलतेचा प्रश्नच नव्हता. त्या स्वतःच्या घरातील दिवाणखान्यात असताना शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून त्यांची छायाचित्रे टिपली गेली होती. या प्रसंगी पुष्कळांनी त्यांची बाजू घेतली. घराच्या भिंतीची मर्यादा आपल्या लोकांना लगेच कळते. दूरध्वनीच्या आत ठेवलेल्या वस्तूचीही तशीच भिंत असते, हे मात्र तितक्या सहज पटत नाही.

३. ‘खासगी’ कोणाचे?

प्रसिद्ध व्यक्तींच्या विरुद्ध नेहमी मांडला जाणारा युक्तिवाद असा, की ज्यांनी प्रसिद्धीवर पोट भरावयाचे ठरविले, त्यांनी खासगीपणाची अपेक्षा धरू नये. ‘एवढे मोठे झाल्यावर सहन करावेच लागते’ हे त्याचे बोलीतील रूप. या संदर्भात ‘खासगी’ या शब्दाचा इतिहास उद्बोधक आहे. ‘खास’ या अरबी शब्दापासून फारसीच्या द्वारे आलेला हा शब्द मराठेशाहीच्या कारभारात राजघराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नास व मालमत्तेस लावीत. होळकरांच्या राज्यात ‘खासगी’ आणि ‘दौलत’ यांचे हिशेब वेगळे ठेवले जात. दौलत राज्याची, खासगी घराण्याची. म्हणजे प्रारंभी ज्याला ‘खासगी’ असे ते मोठ्या माणसालाच. सामान्य रयतेच्या बाबतीत त्या शब्दाचे प्रयोजनच नव्हते. आज आपण नेमके उलट म्हणतो, की सामान्य माणसाला खासगी जीवन आहे, मोठ्याला नाही. परंतु जुन्या कारभारातील मूळ विवेक विसरण्याजोगा नाही. एकाच व्यक्तीच्या ठायी लोकांचे खाते व घरचे खाते अशी दोन खाती असू शकतात, आणि एकाच्या तपासणीचा अधिकार मिळाला म्हणून दुसरे उघडता येत नाही.

आपल्या न्यायालयांनीही याच स्वरूपाचा विवेक केला आहे. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या १९९४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तीच्या खासगी जीवनाविषयी तिच्या संमतीवाचून लिहिता येणार नाही, असे तत्त्व सांगून त्यास अपवादही घातले : सार्वजनिक दप्तरात आलेली माहिती, लोकसेवकाचे अधिकृत वर्तन, आणि आपण होऊन वादात उडी घेणाऱ्याची गोष्ट. म्हणजे प्रसिद्ध व्यक्तीवर टीका करण्याचा लोकांचा हक्क खरा आहे. मंत्र्याने कंत्राट कोणास दिले, नटाने जाहिरातीत खोटे सांगितले काय, हे विचारणे योग्यच. परंतु लोकहिताची बाब आणि लोकांच्या कुतूहलाची बाब या दोन वेगळ्या आहेत. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. हा हक्क प्रसिद्धी मिळताच संपतो, असे त्यात कोठेही नाही.

४. कायद्याचे व्याकरण

आता कायद्याची वाक्यरचना पाहावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात २००८ च्या दुरुस्तीने घातलेले व २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आलेले कलम ६६-ई, कोणत्याही व्यक्तीच्या गुप्तांगांची प्रतिमा तिच्या संमतीवाचून टिपणे, प्रसिद्ध करणे व पाठविणे या तीन कृत्यांना गुन्हा ठरविते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, अथवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. तिन्ही धातू सकर्मक आहेत; ‘होणे’ या क्रियापदास येथे जागा नाही. तिसरा धातू विशेष लक्षात घ्यावयास हवा. ‘मी काढले नाहीत, मी फक्त पुढे पाठविले’ हा बचाव आपल्याकडे निरागसपणे केला जातो; कायद्याच्या दृष्टीने हे जाणूनबुजून पाठविणे हेच स्वतंत्र कृत्य आहे.

याहून सूक्ष्म विवेक २०१३ साली भारतीय दंडसंहितेत आलेल्या कलम ३५४-सी मध्ये आढळतो. हीच तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहितेच्या कलम ७७ मध्ये आहे. त्यातील एका स्पष्टीकरणाचा आशय असा : स्त्रीने छायाचित्र काढू देण्यास संमती दिली, परंतु ते इतरांस देण्यास दिली नाही, आणि तरीही ते प्रसृत करण्यात आले, तर तो गुन्हा होय. संमती ही अखंड वस्तू नसून प्रत्येक क्रियापदागणिक ती वेगळी मागावी लागते, हे येथे मान्य झाले आहे. ‘काढलेच कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर या स्पष्टीकरणात आहे. काढण्याची संमती काढण्यापुरती. तिच्यातून पाठविण्याची संमती निघत नाही.

अमेरिकेत ३१ ऑगस्ट २०१४ पासून अनेक अभिनेत्रींची चोरलेली छायाचित्रे प्रसृत होऊ लागली, तेव्हा जेनिफर लॉरेन्स यांनी हे प्रकरण म्हणजे भानगड नव्हे, लैंगिक गुन्हा आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. पुढे खाती फोडणाऱ्यांपैकी एकास २०१६ साली अठरा महिन्यांची शिक्षाही झाली. म्हणजे तेथेही प्रथम घटनेचे नाव बदलावे लागले. कर्त्याचा शोध लावण्यासाठी आधी कर्ता आहे हे बोलून दाखवावे लागते.

५. जालन्याच्या बोलीतील साक्ष

जालना हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि येथील मराठीच्या शेजारी दखनी शतकानुशतके नांदत आली आहे. ‘इज्जत’, ‘बेइज्जती’, ‘बदनामी’ हे शब्द येथे दोन्ही भाषांचे समाईक धन आहे. त्यांचा प्रयोग पाहिला तर इज्जत ‘जाते’, बदनामी ‘होते’. घेणारा व करणारा क्वचितच दिसतो. ‘व्हायरल’ हा नवा शब्दही मराठीत ‘होणे’ व दखनीत ‘होना’ यांच्याशी तसाच जोडला गेला.

तथापि भाषेस दुसरी बाजू ठाऊकच नाही, असे समजणे चुकीचे होईल. धमकी देणारा मनुष्य कधीही ‘तुझे फोटो व्हायरल होतील’ एवढ्यावर थांबत नाही. ‘व्हायरल करीन’ असे तो म्हणतो. ‘फोटो व्हायरल करण्याची धमकी’ हा शब्दसमूह वृत्तपत्रांतील गुन्हेवार्तांत रूढ झाला आहे. म्हणजे कृत्यापूर्वी कर्ता प्रथमपुरुषी उभा असतो, आणि कृत्य घडताच तोच कर्ता ‘व्हायरल झाले’ या रचनेच्या आड नाहीसा होतो. ‘करीन’पासून ‘झाले’पर्यंतच्या या अंतरात गुन्हेगार निसटतो.

हे केवळ नटनट्यांचे दुःख नाही. २०२० च्या आरंभी जालना जिल्ह्यात एका युवक-युवतीस काही तरुणांनी अडवून त्रास दिला आणि त्या प्रकाराचे चलच्चित्र प्रसृत झाले. ते पोलिसांपर्यंत पोहोचल्यामुळे अटकाही झाल्या. परंतु संतापाने ते पुढे पाठविणाऱ्या प्रत्येकाने त्या युवतीची विटंबना आणखी एका दूरध्वनीपर्यंत नेली, हेही तितकेच खरे. पुरावा पोलिसांना देणे निराळे आणि गावभर दाखविणे निराळे. अभिनेत्रीजवळ उत्तर देण्यास व्यासपीठ असते, वकील असतो, पुढचे काम असते. खेड्यातील मुलीजवळ यांपैकी काही नसते; तिच्यासाठी असते ते अभिनेत्रीविषयी आपण तयार करून ठेवलेले वाक्य. प्रसिद्ध स्त्रीच्या निमित्ताने घराघरांत जे बोलले जाते, ते घरातील मुलगी ऐकत असते. उद्या तिच्यावर प्रसंग आला, तर सांगावे की लपवावे, याचा निर्णय ती त्या ऐकलेल्या वाक्यावरून करते.

६. समारोप

भाषा बदलली म्हणजे वृत्ती आपोआप बदलते, असा दावा येथे नाही. अकर्मक रचना पुष्कळदा प्रामाणिकही असते, कारण कर्ता खरोखरच माहीत नसतो. परंतु अज्ञात कर्त्यासाठी मराठीत ‘कोणीतरी’ हे सर्वनाम आहे, आणि ‘कोणीतरी पाठविले’ हे वाक्य ‘लीक झाले’ याहून एका शब्दानेही लांब नाही. चार वाटा मिळतात तो चव्हाटा. ‘चव्हाट्यावर आणणे’ या जुन्या प्रयोगात आणणारा गृहीतच असे. आपल्या भाषेला जे पूर्वीपासून येते, तेच येथे मागितले जात आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस या विषयात काम करण्याजोगे पुष्कळ आहे. मराठी दैनिकांतील पेपरफुटीची व छायाचित्रांची शीर्षके वर्षवार जमवून त्यांतील धातूंचे प्रकार, कर्त्याचा निर्देश व षष्ठीचा वापर यांची तुलना करता येईल. मात्र अशा अभ्यासात एक पथ्य कटाक्षाने पाळावे : सामग्री म्हणून वाक्ये गोळा करावीत, छायाचित्रे नव्हेत. ज्या प्रतिमेस संमती नाही, ती संशोधनासाठी पाहणारा हाही पाहणाराच असतो.