बर्गरशेजारची बिअर

१९७१च्या डिसेंबरात म्युनिकमध्ये मॅकडोनाल्ड्‌सचं जर्मनीतलं पहिलं दुकान उघडलं. बर्गर, फ्राइज आणि कोकच्या जोडीला तिथे बिअरही मिळत होती. याचं नवल वाटतं ते रे क्रॉक यांच्यामुळे. मॅकडोनाल्ड्‌सचा पसारा वाढवणाऱ्या या गृहस्थांनी आपल्या दुकानांत ज्यूकबॉक्स, सिगारेटची यंत्रं, नाणं टाकून बोलायचे फोन, काही म्हणता काही लावू दिलं नव्हतं. पोरांची टोळकी रेंगाळायला नकोत! सगळा धंदाच गिऱ्हाइकानं झटपट खाऊन उठण्यावर उभा. बिअर मात्र माणसाला बसवून ठेवते. मग ती आत शिरली कशी?

उत्तरासाठी म्युनिकमध्येच थोडं मागे जावं लागतं. बिअर गाळणाऱ्यांनी तळघरांबाहेर झाडाखाली बाकं टाकून थेट विक्री सुरू केली, तेव्हा गावातल्या खाणावळवाल्यांनी तक्रार केली. १८१२मध्ये राजा मॅक्सिमिलियननं तोडगा काढला: बिअर विका, सोबत पाव द्या, पण बाकी जेवण विकायचं नाही. लोक घरून डबा आणू लागले. आजही बव्हेरियातल्या बिअर गार्डनमध्ये आपलं खाणं आपण घेऊन बसता येतं. जिथे खाणं आणि बिअर यांचं नातं इतकं जुनं, तिथे बर्गरशेजारी बिअर दिसली म्हणून कोणाची भुवई उंचावणार? जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर पिता येते, हेही खरं.

त्याच जर्मनीच्या उपाहारगृह कायद्यात एक विलक्षण कलम आहे. लोक त्याला सफरचंदाच्या रसाचं कलम म्हणतात. दारू देणाऱ्या दुकानात निदान एक बिनदारूचं पेय सगळ्यात स्वस्त दारूपेक्षा महाग असता कामा नये. पळवाट राहू नये म्हणून दर लिटरचा हिशेबही लावायचा. छोट्या पेल्यात रस देऊन तो स्वस्त दाखवायची सोय नाही. पैसे वाचतात एवढ्यासाठी कोणी बिअरकडे वळू नये, ही काळजी कायद्यात इतक्या बारकाईनं लिहिलेली पाहून मला मनापासून आनंद होतो.

फ्रान्सनं वेगळी युक्ती केली. तिथल्या उपाहारगृहांच्या छोट्या परवान्यावर बिअर, वाइन देता येते, पण जेवणाच्या सोबतीनं. नुसती बिअर मागून बसता येत नाही. म्हणजे कायद्याची नजर ताटावर.

आपल्याकडे ती नजर पिणाऱ्यावर आहे. महाराष्ट्रात अजून १९४९च्या दारूबंदी कायद्याचीच चौकट चालते, म्हणून पिणाऱ्याकडे स्वतःचा परवाना हवा. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. रस्त्यारस्त्यावर ‘परमिट रूम’ची पाटी दिसते ती याच कायद्याची देणगी. ताटात काय आहे, याच्याशी त्या परवान्याला देणंघेणं नाही.

खुद्द अमेरिकेत, जिथे हा झटपट खाण्याचा उद्योग जन्मला, तिथे बिअरला सगळ्यात जास्त अडथळे. १९३३मध्ये देशव्यापी दारूबंदी उठली आणि दारूचे नियम राज्यांच्या हाती गेले, त्यामुळे राज्याराज्यात वेगळा परवाना. प्यायचं वय २१. गल्ल्यावर मात्र कॉलेजची, कधी शाळेचीही पोरं. शिवाय गाडीतूनच पार्सल घेऊन जाणारं गिऱ्हाईक. स्टिअरिंगवर बसलेल्याच्या हाती खिडकीतून दारू कशी द्यायची?

टॅको बेलनं २०१५मध्ये शिकागोत आपलं पहिलं ‘कॅन्टिना’ काढलं, तेव्हा ती खिडकीच ठेवली नाही. बर्फाळ सरबतात रम, व्होडका नाहीतर टकिला घालून मिळू लागली आणि लोक आत बसून प्यायले. स्टारबक्सनं त्याआधी, २०१०मध्ये, सिअ‍ॅटलपासून संध्याकाळी वाइन आणि बिअर देऊन पाहिली होती. कॉफीच्या दुकानात लोक तसेही तासन्‌तास बसतात, तेव्हा तिथे हे जमायला हवं होतं. तरी २०१७च्या सुरुवातीला त्यांनी तो उपक्रम गुंडाळला.