चिपळुणात सायकल केवढ्याची घ्यावी?

आज आपल्याकडे सहा हजारांचीही सायकल मिळते आणि सहा लाखांचीही. दोन चाके, एक चेन, एक सीट, आणि पाय मात्र आपलेच. गिऱ्हाईक गोंधळते ते इथेच. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, शेवटी सायकलच ना, पाच-सहा हजारांच्या वर कशाला? नुकताच सायकल क्लबात जाऊ लागलेला मित्र म्हणतो, पन्नास हजारांच्या खालची घेऊच नकोस. आकडा दोघेही ठामपणे सांगतात. सायकल कुठे चालवणार आणि किती चालवणार, हे मात्र दोघांपैकी कोणीच विचारत नाही. खरे तर वाजवी किंमत या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच ठरते. तुमच्या पगाराचा किंवा फ्रेमवरच्या नावाचा तिच्याशी फार थोडा संबंध आहे. चिपळूणसारख्या गावात पहिल्या प्रश्नाच्या उत्तरामुळे किमान किंमत देशावरच्या सपाट गावापेक्षा वर चढते, आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले तर कमाल किंमत बहुतेकांच्या अंदाजापेक्षा बरीच खाली येते.

आधी रस्ता पाहू. चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या काठी, सपाटीला आहे. चिंचनाक्यापासून बहादूरशेख नाक्यापर्यंत, तिथून खेर्डीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत किंवा इकडे गोवळकोटच्या बाजूला सायकल विनासायास जाते. पण गावाची वेस ओलांडली की चढ आलाच. खेडच्या बाजूला परशुराम घाट, सावर्ड्याच्या बाजूला कामथे घाट, आणि कराडकडे निघालात तर पोफळीनंतर कुंभार्ली. त्यामुळे एकाच गावातल्या दोन कामगारांना दोन वेगळ्या सायकली लागतात. खेर्डीच्या कारखान्यात जाणाऱ्याचे काम बिनगिअरच्या साध्या सायकलीवर भागेल. लोटे-परशुरामच्या कारखान्यात जाणाऱ्याला रोज घाट चढायचा आहे. साध्या काळ्या सायकलीच्या पॅडलची एक फेरी मारली की चाक साधारण अडीच वेळा फिरते, म्हणजे सायकल साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीला हे उत्तम, चढावर मात्र तेवढे अंतर एका दमात वर ओढायला मांड्यांत बळ कुठून आणायचे? गिअरच्या सायकलीवर सर्वांत हलका गिअर टाकला की एका फेरीत दोन-सव्वादोन मीटरच सरकायचे असते. वेळ जास्त लागतो, पण उतरून ढकलत जावे लागत नाही. डोंगरउताराच्या वाडीवर राहणाऱ्याने गिअरवर घातलेले पैसे म्हणूनच चैनीत मोजू नयेत.

दुसरी गोष्ट पाऊस. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुन्या पद्धतीच्या सायकलीला चकचकीत स्टीलची रीम आणि दांड्यांचे ब्रेक असतात. कोरड्या दिवशी ते ठीक चालतात. रीम भिजली की ब्रेकचे रबर तिच्यावरून नुसते घसरते आणि सायकल थांबायला कितीतरी पट जास्त अंतर लागते. ॲल्युमिनियमच्या रीमवर ओल्यातही पकड बरी राहते, डिस्क ब्रेकवर त्याहून चांगली. उतारावरून भर पावसात खाली येणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्या सायकलीत याहून महत्त्वाचा भाग नाही. गंजाचेही तेच. स्टीलच्या रीमा, आरे, नटबोल्ट इथल्या दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत तांबूस होतात. म्हणून अगदी स्वस्त सायकल चिपळुणात महाग पडते. ती मोडते म्हणून नव्हे. चढ आणि पाऊस मिळून ती वर्षातले निम्मे दिवस भिंतीला टेकवून ठेवायला लावतात, म्हणून.

मग थोडे पैसे वाढवावेत, तर ते कुठे? इथेच बाजार आपल्याला फसवतो. आठ ते बारा हजारांच्या टप्प्यात जाड टायरांच्या, पुढे-मागे शॉकअप लावलेल्या, मोटारसायकलीसारख्या दिसणाऱ्या सायकलींची गर्दी आहे. शाळकरी मुलांना त्याच हव्या असतात. या किमतीत मिळणारा शॉकअप म्हणजे बहुधा एक जड स्प्रिंग. ती खड्ड्यात थोडी दबते, पण चढावर तुमच्या पायाचा जोरही गिळते, वजन वाढवते आणि पावसाळ्यानंतर आखडून बसते. तेवढ्याच पैशांत शॉकअप नसलेली सायकल घेतली तर फ्रेम हलकी मिळते, गिअर आणि ब्रेक एक पायरी वरचे मिळतात. दिखाऊ भाग वजा करत गेलो तर चिपळूणच्या रस्त्यांना पुरेशी सायकल, म्हणजे ॲल्युमिनियमची फ्रेम आणि रीम, मोजके पण भरवशाचे गिअर, पावसात धरणारे ब्रेक, मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची सोय, ही साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत बसते. फक्त बाजारपेठेत आणि खेर्डीपर्यंत फिरणाऱ्याला सहा-सात हजारांची साधी सायकलही चालेल, पावसाळ्यात ती हळू चालवायची तयारी असेल तर.

यापुढच्या पैशांत मुख्यतः हलकेपणा मिळतो, आणि त्याचा हिशेब मांडता येतो. तीव्र चढावर ताकद तेवढीच लावली तर लागणारा वेळ जवळजवळ एकूण वजनाच्या प्रमाणात बदलतो, आणि एकूण वजनात माणूसही आला. पासष्ट किलोचा माणूस वीस किलोच्या काळ्या सायकलीवर एखादा घाट तासाभरात चढतो असे समजू. तेरा किलोची गिअरची सायकल दिली तर त्याची पाचेक मिनिटे वाचतील. हा बदल दहा-पंधरा हजारांत झाला. आता तेराची नऊ किलोवर आणायची, तर खर्च लाखाच्या आसपास जाऊ शकतो आणि वाचतात जेमतेम तीन मिनिटे. नवाची सात किलोवर आणायला आणखी एक-दोन लाख, आणि हाती येते मिनिट-दीड मिनिट. शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्पर्धेच्या सायकलीला 6.8 किलोची किमान मर्यादा घातली आहे, म्हणजे त्याच्या खाली जाऊन शर्यतीत काही पदरात पडत नाही. चार किलो वजन माणसाने स्वतःचे उतरवले तर तीच तीन मिनिटे फुकट मिळतात, हे दुकानदार सांगत नाही एवढेच. शर्यत सेकंदांवर जिंकली किंवा हरली जाते, तिथे या मिनिटांना मोल आहे. सकाळची पाळी गाठणाऱ्याला नाही.

इथे लांब पल्ल्याचे सायकलस्वार हरकत घेतील. दिवसाला दोनशे किलोमीटर मारायचे तर सायकल भारीच हवी, असे ते म्हणतात. पण त्यांच्याच खेळाचा नियम काय सांगतो? ब्रेव्हे नावाने ओळखल्या जाणाऱ्या राइडमध्ये दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि सहाशेला चाळीस तास. म्हणजे थांबे, जेवण, पंक्चर सगळे धरून ताशी पंधरा किलोमीटरची सरासरी पुरते. वीस-पंचवीस हजारांच्या नीट देखभाल केलेल्या सायकलीच्या आवाक्यातली ही गोष्ट आहे. कस लागतो तो पायांचा आणि बैठकीचा. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे मुंबईचे तीन पारशी तरुण 1923 साली सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि सुमारे 71 हजार किलोमीटर फिरून 1928 साली परतले. कार्बनची फ्रेम तेव्हा कोणी पाहिलीही नव्हती. अर्थात त्यांच्या जिद्दीचे उदाहरण देऊन रोज घाट चढणाऱ्याला बिनगिअरची सायकल देणे हा दुसऱ्या टोकाचा अन्याय होईल. जगप्रवासाला चार वर्षे होती. कामगाराकडे पाळीचा भोंगा वाजेपर्यंतचाच वेळ असतो.

आता किलोमीटरचा हिशेब. रोज जाऊन-येऊन दहा किलोमीटर, आणि पावसाळा, सुट्ट्या वगळून वर्षाला दोनशे दिवस सायकल चालवली तर दोन हजार किलोमीटर होतात, आठ वर्षांत सोळा हजार. देखभालीचा आकडा सरकारनेच दिलेला आहे. सातव्या वेतन आयोगाने पोस्टमन आणि रेल्वेच्या ट्रॅकमन यांचा सायकल भत्ता बंद करावा असे सुचवले होते. केंद्र सरकारने 2017 साली तो चालू ठेवला आणि महिना 90 रुपयांचा 180 रुपये केला. तोच धरला तर वर्षाला 2,160 रुपये, आठ वर्षांत सव्वासतरा हजारांच्या आसपास. पंधरा हजारांच्या सायकलीवर एकूण खर्च साधारण बत्तीस हजार, म्हणजे किलोमीटरला दोन रुपये. स्कूटर लिटरला पंचेचाळीस किलोमीटर देते आणि पेट्रोल शंभर रुपयेच आहे असे धरले तरी नुसत्या पेट्रोलचे सव्वादोन रुपये होतात. स्कूटरची किंमत, विमा, सर्व्हिसिंग अजून बाजूलाच. एक लाखाच्या सायकलीला हाच हिशेब लावला तर किलोमीटरला सात रुपयांच्या वर जातो. आणि सहा हजारांना हौसेने आणलेली सायकल शंभर किलोमीटर चालून माळ्यावर गेली, तर तिचा दर किलोमीटरला साठ रुपये! या तिघींत सर्वांत उधळपट्टीची खरेदी ती शेवटची आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे: महाग सायकल घेतली की पैसे वसूल करायला तरी माणूस ती चालवतो. ऐकायला पटते, पण पुरावा उलटा आहे. अमेरिकेतल्या व्यायामशाळांच्या सभासदांवर स्टेफानो देलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी केलेला अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. महिन्याला सत्तर डॉलरहून अधिक भरणारे लोक सरासरी चार-पाच वेळाच फिरकत होते. एका खेपेला त्यांना सतरा डॉलर पडत होते. त्याच ठिकाणी दहा खेपांचा पास घेतला तर एक खेप दहा डॉलरला पडत असूनही. पैसे भरल्याने सवय लागत नाही, असाच याचा अर्थ. म्हणून पहिली सायकल जुनी, वापरलेली घेणे शहाणपणाचे. वापर न झालेल्या सायकली गावात भरपूर असतात. फ्रेमला तडा नाही ना, रीमचा आउट निघण्याजोगा आहे ना, एवढे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे. वर्षभरात ती हजार-दीड हजार किलोमीटर चालली तर पुढची सायकल पंचवीस किंवा अगदी चाळीस हजारांची घ्यायलाही हरकत नाही, कारण मग माणूस स्वतःच्या अंदाजावर नव्हे, अनुभवावर पैसे घालतो.

हौसेला मोल नसते, हा दुसरा आक्षेप, आणि तो मी उडवून लावणार नाही. लोक मोबाइलवर पन्नास हजार घालतात, मोटारसायकलवर दोन लाख. मग एखाद्याने सायकलवर घातले तर काय बिघडले? काहीच नाही, घरखर्च भागून ते उरत असतील तर. फक्त त्याला हौस म्हणावे, गरज म्हणू नये, आणि नवख्याला तो आकडा सल्ला म्हणून देऊ नये. शिवाय चिपळुणात महाग सायकलीचा एक छुपा खर्च आहे. कार्बनच्या फ्रेमला किंवा हायड्रॉलिक ब्रेकला काही झाले तर सुटा भाग आणि त्यातला जाणकार यांच्यासाठी बहुधा पुण्या-मुंबईकडे पाहावे लागते. साध्या सायकलीचे छर्रे, चेन, फ्रीव्हील गावातला मिस्त्री दुपारपर्यंत बदलून देतो. 22 जुलै 2021 च्या महापुरात बाजारपेठ बुडाली तेव्हा तळमजल्यावरची कुठलीच गाडी वाचण्याजोगी नव्हती. बारा-तेरा किलोची सायकल मात्र खांद्यावर घेऊन जिना चढता येतो. हलकेपणाचा हा फायदा घाटातल्या मिनिटांपेक्षा मला मोठा वाटतो, आणि तो मधल्या किमतीतच मिळतो.

महामार्गावरच्या धोक्याचा मुद्दा याहून गंभीर आहे. परशुराम घाटात अवजड ट्रकच्या शेजारून जाताना सायकल दहा हजारांची असो की दोन लाखांची, अंगावर पत्रा नसतोच. हा प्रश्न सायकलीच्या किमतीने सुटणारा नाही, पण किंमत ठरवताना तो धरायला हवा. ज्याला महामार्गावर जायची भीती वाटते, आणि ती रास्त आहे, त्याने घाटासाठी सायकल घेऊच नये. आपण प्रत्यक्षात जिथे जाऊ, त्या रस्त्याची घ्यावी. उतारवयात किंवा गुडघे कुरकुरत असताना चढाचा रस्ता टळत नसेल तर विजेच्या सायकलीचा विचार करता येतो. अडीचशे वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतला वेग असेल तर तिला नोंदणी लागत नाही, लायसन्सही नाही. बॅटरी मात्र काही वर्षांनी बदलावी लागते. तो खर्च किमतीत आधीच मिळवून ठेवावा.

सर्वांत जास्त फळ देणारा पैसा पहिला असतो, हे विसरू नये. बिहार सरकारने 2006 साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. तेव्हाच्या दोन हजारांत आलेली ती सायकल जडच असणार, बिनगिअरचीच असणार. लाखाच्या सायकलीने कोणाच्या आयुष्यात एवढा फरक पडल्याचे अजून तरी दिसलेले नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून सायकलीवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. वीस हजारांच्या सायकलीमागे साधारण साडेबाराशे रुपये त्यात वाचतात. ते वरच्या मॉडेलकडे सरकण्यात घालवू नका. त्यातून हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि दोन्ही चाकांचे मडगार्ड घ्या, आणि काही उरलेच तर मे महिन्यात, पहिला पाऊस पडण्याआधी, सायकल ओव्हरहॉलिंगला टाका.